‘फकिरा’ला साक्षीदार माना : अण्णाभाऊ साठे आणि इतिहासाच्या उंबऱ्याबाहेर उभी असलेली कादंबरी

१/ १ ऑगस्ट १९२०. मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी अखेरचा श्वास घेतला आणि गिरगाव चौपाटीवर अथांग जनसमुदाय लोटला. त्याच दिवशी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगाव या गावी, मांगवाड्यातील एका घरात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्राने त्याला अण्णाभाऊ म्हणून ओळखले. पहिल्या घटनेची नोंद इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. दुसऱ्या घटनेतून जन्मलेल्या साहित्याला मात्र इतिहासाच्या पुस्तकात अजून जागा मिळालेली नाही. ती का मिळायला हवी, याविषयी हा थ्रेड.

२/ आरंभ काळाचौकीपासून करावा लागेल. तेथील इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना मुंबई महापालिकेने हाती घेतली. चिमणी जपता येईल, यंत्रे तेलपाणी करून मांडता येतील. परंतु ज्या माणसांनी ती यंत्रे चालवली, ती कोठून आली, कशामुळे आली आणि मागे काय सोडून आली, याची साक्ष कोणत्या कपाटात ठेवणार? गिरणीच्या हजेरीपटात कामगाराचे नाव असते. त्याने गाव का सोडले, हे तेथे लिहिलेले नसते.

३/ ते लिहिणारा एक माणूस याच गिरणगावाने पाहिला होता. १९३१ च्या सुमारास साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईस पायी निघाले. अंतर सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक. वाटेत मिळेल ते काम करायचे, त्या दिवसापुरते खायचे आणि पुढे चालायचे. मुंबईत अण्णाभाऊंनी हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडे वाहिले, कापड गिरणीत मजुरी केली. शाळेत ते जेमतेम दीड दिवस बसले, असे त्यांची चरित्रे सांगतात. अक्षरओळख झाली ती शहरातल्या पाट्या आणि भित्तिपत्रके वाचून.

४/ माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. १९४४ मध्ये अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पोवाडा, लावणी, छक्कड आणि तमाशा या मातीतल्या प्रकारांतून संप, टंचाई आणि सावकारी हे विषय गिरणगावच्या मैदानांत पोचले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ या छक्कडीने सीमाभागाच्या विरहाला रूप दिले. ही कामगिरी मोठी आहे. ती कोणी नाकारीत नाही.

५/ अडचण पुढे आहे. या कामगिरीने मिळालेली ‘लोकशाहीर’ ही पदवी इतकी मोठी झाली की तिच्यामागे कादंबरीकार झाकला गेला. अण्णाभाऊंच्या नावावर पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या आणि डझनाहून अधिक कथासंग्रह आहेत. तरी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांच्या निवडक वाङ्मयाचा खंड काढला, तेव्हा शीर्षकात नावाआधी शब्द आला तो ‘लोकशाहीर’ हाच. जयंतीच्या फलकावर त्याला जोडून ‘साहित्यरत्न’ आणि ‘साहित्यसम्राट’ येतात. एवढ्या पदव्या दिल्यानंतर पुस्तक उघडण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

६/ या दुर्लक्षाला दोन पक्ष जबाबदार आहेत. पहिला पक्ष हार घालणाऱ्यांचा. त्यांना पुतळा हवा, वाचन नको. दुसरा पक्ष अधिक सुशिक्षित आणि म्हणूनच अधिक दोषी आहे. तो इतिहासप्रेमींचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : कादंबरी ही कल्पना, कागद हा पुरावा, सबब ‘फकिरा’ वाचावी ती मनोरंजनासाठी, इतिहासासाठी दफ्तरखान्यात जावे. वरवर हे शिस्तीचे बोलणे वाटते. ते कितपत टिकते, ते पाहू.

७/ प्रथम ग्रंथाविषयी. ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना, अर्पणपत्रिका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला, आणि १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार. कथानायक फकिरा हा अण्णाभाऊंच्या कल्पनेतून जन्मलेला नाही. तो त्यांच्याच नात्यागोत्यातला, वाटेगावचा मातंग वीर. अण्णाभाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतील ओंजळभर रुपये बाळंतिणीसाठी त्यांच्या घरी दिले, ही आठवण त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. म्हणजे ही कादंबरी घरच्या आठवणीतून उभी राहिली आहे.

८/ कथानक थोडक्यात असे. फकिराचा बाप राणोजी शेजारच्या शिगावातून जोगणी जिंकून आणतो, म्हणजे गावाचा मान आणतो, आणि त्यात त्याचा दगाफटक्याने वध होतो. मुलगा त्या आठवणीत वाढतो. पुढे रोगराई येते, दुष्काळ येतो, मांगवाडा आणि महारवाडा उपाशी पडतो. सरकारची हजेरी मात्र चुकत नाही. तेव्हा फकिरा धान्य लुटतो आणि उपाशी घरांत वाटतो. पुढे सरकारी खजिन्यावर हात घालतो. अखेरीस सरकार त्याच्या माणसांना कोंडते आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून स्वाधीन होतो.

९/ ‘हजेरी’ या शब्दापाशी थांबणे अवश्य आहे. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. कायद्याचे तत्त्व असे की काही जमातींत जन्मणे हाच संशयाला पुरेसा आधार. नोंदणी करा, ठरल्या वेळी हजेरी द्या, परवानगीवाचून गाव सोडू नका. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. ‘फकिरा’ त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी छापली गेली. हजेरीची धास्ती ज्यांनी अनुभवली, ती माणसे तेव्हा हयात होती.

१०/ आता दफ्तरखान्याकडे वळू. अशा माणसाविषयी सरकारी कागद काय सांगू शकतो? नाव, जात, आरोप, बक्षीस, शिक्षा. हा कागद लिहिला कोणी? ज्याने हजेरी घेतली, त्यानेच. ज्याच्यावर हजेरी लादली गेली, त्याला लिहिता येत नव्हते आणि लिहिता आले असते तरी त्याचा कागद जपून ठेवणारे दफ्तर नव्हते. असे असताना ‘कागद असेल तरच मानू’ हा नियम तटस्थ राहत नाही. त्या नियमाने फिर्यादीची बाजू ऐकली जाते आणि आरोपीला बोलूच दिले जात नाही.

११/ यावर कोणी म्हणेल, साधनांची शिस्त सोडली तर इतिहास आणि दंतकथा यांत भेद तो काय राहिला? आक्षेप रास्त आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि अस्सल कागदाला अग्रस्थान दिले, तेव्हा त्यांनी महाराष्ट्रावर उपकारच केले. परंतु त्याच परंपरेने बखरींचे काय केले, हेही पाहिले पाहिजे.

१२/ कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस बखर लिहिली ती १६९७ च्या सुमारास, शिवछत्रपतींच्या निधनानंतर सुमारे सतरा वर्षांनी, बरीचशी आठवणीवरून. मल्हार रामराव चिटणीसाची बखर तर शतकाहून अधिक काळ उलटल्यावरची. दोन्हींत चुका आहेत, अलंकार आहेत, आश्रयदात्याची मर्जी आहे. तरी त्यांना इतिहासकारांनी दाराबाहेर ठेवले नाही. आत घेतले, तपासले, इतर साधनांशी ताडून पाहिले, ग्राह्य ते घेतले, त्याज्य ते टाकले. हीच योग्य पद्धत होय.

१३/ मग प्रश्न सरळ आहे. दरबारी कारकुनाची आठवण तपासून घेण्याजोगी ठरते. मांगवाड्यातल्या लेखकाची आठवण तपासण्याच्याही योग्यतेची ठरत नाही. असे का? ‘ती कादंबरी आहे’ हे उत्तर अपुरे आहे. बखरीतले संवादही शब्दशः कोणी टिपून ठेवलेले नव्हते. भेद लेखनप्रकाराचा कमी आणि लेखकाच्या स्थानाचा अधिक आहे.

१४/ हा भेद महाराष्ट्रापुरता नाही. पॅसिफिकच्या पलीकडे याच प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९४० मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे चिनी स्थलांतरितांच्या घरी मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचा जन्म झाला. आईवडिलांची लाँड्री होती. १९७६ मध्ये त्यांचे ‘द वूमन वॉरियर’ प्रसिद्ध झाले. आरंभीच अशा एका आत्याची कथा आहे, जिचे नावही कुटुंबाने पुसून टाकले. पुस्तकात आईने सांगितलेल्या गोष्टी, दंतकथा आणि स्वतःचे बालपण एकमेकांत मिसळलेले आहे. प्रकाशकाने ते आत्मकथन म्हणून आणले आणि नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचा पुरस्कार त्याला मिळाला तो ललितेतर गटात.

१५/ वाद पेटला. चिनी-अमेरिकन लेखक फ्रँक चिन यांनी आरोप केला की किंग्स्टन यांनी मूळ दंतकथा मोडून-तोडून मांडल्या. उदाहरणार्थ, पाठीवर अक्षरे कोरण्याचा प्रसंग यूए फेई या सेनापतीच्या आख्यायिकेतला. तो त्यांनी फा मू लान या वीरांगनेच्या कथेत घातला. किंग्स्टन यांचे उत्तर असे की समुद्र ओलांडताना कथा बदलतात, आणि बदलल्या तरच त्या जगतात. वाद मिटला नाही. तरीही त्या पुस्तकाला अमेरिकेच्या स्मृतीतून वगळण्याची भाषा प्रतिष्ठित झाली नाही. पुढे १९९७ मध्ये त्यांना राष्ट्रीय मानव्यविद्या पदकही देण्यात आले.

१६/ किंग्स्टन यांचे १९८० चे ‘चायना मेन’ हे पुस्तक इतिहासप्रेमींनी मुद्दाम पाहावे. आजोबा-पणजोबांच्या, रेल्वेमार्ग खोदणाऱ्या आणि उसाचे मळे कसणाऱ्या चिनी मजुरांच्या कथा सांगता सांगता मध्येच एक प्रकरण येते, आणि त्यात केवळ कायद्यांची जंत्री आहे. १८८२ चा चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा, त्याच्या मुदतवाढी, १९४३ मध्ये तो रद्द होणे. वर्ष आणि तरतूद, एवढेच. कथा आणि कायदा शेजारी ठेवल्याबरोबर दोन्हींचा अर्थ उलगडतो.

१७/ १८७१ आणि १८८२. दोन खंडांत, अकरा वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन कायदे. एकाने जन्मावरून संशयित ठरवले, दुसऱ्याने वंशावरून दार बंद केले. पहिल्याच्या छायेत वाढलेल्या समाजातून अण्णाभाऊ आले, दुसऱ्याच्या छायेत वाढलेल्या समाजातून किंग्स्टन आल्या. दोघांनीही घरात ऐकलेल्या आठवणींना ग्रंथरूप दिले. फरक पुढे पडला. किंग्स्टन यांच्या पुस्तकावर ‘आत्मकथन’ अशी चिठ्ठी लागली, म्हणून ते खरे किती यावर वर्षानुवर्षे चर्चा झाली. ‘फकिरा’वर ‘कादंबरी’ अशी चिठ्ठी लागली, म्हणून ती खरी किती हा प्रश्न फारसा कोणी विचारलाच नाही.

१८/ मराठीत ही चिठ्ठी पुढे बदलली, हे विसरता कामा नये. २ मार्च १९५८ रोजी दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले. उद्घाटक अण्णाभाऊ होते. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर श्रमणाऱ्या दलितांच्या तळहातावर तोललेली आहे, हा त्यांचा विचार तेथून प्रसिद्धीस आला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७८ मध्ये, दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि दलित आत्मकथन हा सामाजिक इतिहासाचा दस्तऐवज आहे, हे मराठी समीक्षेने मान्य केले.

१९/ मान्य केले ते योग्यच. परंतु ‘मी’ने लिहिलेली आठवण दस्तऐवज आणि ‘तो’ने लिहिलेली आठवण करमणूक, ही वाटणी कशाच्या आधारावर? अण्णाभाऊंनी प्रथमपुरुषी लिहिले ते मुख्यतः ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकात. स्टालिनग्राडचा पोवाडा त्यांनी महायुद्ध चालू असताना रचला होता. सोव्हिएत भूमीवर पाऊल ठेवण्यास १९६१ उजाडले. परदेशाविषयी ते ‘मी’ म्हणून बोलले आणि स्वतःच्या वाड्याविषयी फकिराच्या तोंडून बोलले. ज्या समाजावर हजेरी सामूहिक होती, त्याची आठवणही सामूहिक असणार. तिला ‘मी’ पुरला नाही.

२०/ हीच साक्ष दुसऱ्या रूपात ‘स्मशानातील सोनं’ या कथेत आहे. गावात काम नाही म्हणून भीमा मुंबईच्या उपनगरात येतो, खाणीवर राबतो. खाण बंद पडते आणि पोटासाठी तो स्मशानातील राखेत, प्रेतांच्या अंगावर राहिलेले सोने शोधू लागतो. शहरातल्या बेकारीचे आकडे अहवालांत मिळतात. बेकारी माणसाला रात्री कोठवर नेऊ शकते, हे त्या कथेत मिळते. काळाचौकीच्या संग्रहालयात चात्यांशेजारी ही कथा नसेल, तर ते संग्रहालय लोखंडाचे असेल, गिरणगावाचे नसेल.

२१/ आता पथ्ये. ‘फकिरा’ला साक्षीदार मानायचे म्हणजे तिच्यातील प्रत्येक वाक्य जसेच्या तसे खरे मानायचे, असे नव्हे. संवाद लेखकाचे आहेत. प्रसंगांचा क्रम आणि लुटीचा तपशील तिच्यावर विसंबून ठरवता येणार नाही. नायकाची उंची वाढवण्याचा मोह तिला आहे, जसा तो बखरीला आहे. हे सारे वजा केल्यावर जे उरते ते मोलाचे : हजेरीचा जाच रोजच्या जगण्यात कसा शिरत होता, गावगाड्यात कोणाचा मान कोणाच्या रक्तावर उभा होता, आणि सरकारने ज्याला दरोडेखोर म्हटले त्याला त्याचे लोक काय म्हणत होते.

२२/ ही साक्ष एकाकीही नाही. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या फुले दांपत्याच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. पेशवाई केव्हाच सरली होती, आणि मधल्या शंभर वर्षांत इंग्रजी अंमलही गेला. १८५५ चा निबंध, १८७१ आणि १९११ चे कायदे, १९५९ ची कादंबरी आणि १९७८ चे आत्मकथन एका ओळीत ठेवून वाचा. एक साधन दुसऱ्याला तपासते. साधनांची शिस्त म्हणतात ती हीच.

२३/ १८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊंचे निधन झाले. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत गेला. बरेचसे लेखन तेथलेच. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्को येथे त्यांचा पुतळा बसवला गेला. त्याची जागा लक्षात ठेवण्याजोगी आहे : परदेशी साहित्याचे सरकारी ग्रंथालय. मॉस्कोत अण्णाभाऊ पुस्तकांमध्ये उभे आहेत. महाराष्ट्रात ते बहुधा चौकात उभे असतात.

२४/ म्हणून मागणी पुतळ्याची नाही, पदवीचीही नाही. काळाचौकीच्या नियोजित संग्रहालयात गिरणगावात आलेल्या माणसांच्या साहित्याचे दालन असावे आणि त्यात ‘फकिरा’ गुन्हेगार जमाती कायद्याच्या प्रतीशेजारी उघडी ठेवावी. विद्यापीठांच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात ती साधन म्हणून, चिकित्सेसह, शिकवली जावी. आणि सभासदाची बखर अभिमानाने वाचणाऱ्या तरुण इतिहासप्रेमीने त्याच बारकाईने, त्याच शंकेखोर नजरेने आणि तेवढ्याच आदराने ‘फकिरा’ वाचावी. उलटतपासणी खुशाल करावी. मात्र त्यासाठी साक्षीदाराला आधी आत बोलावले पाहिजे.